बंद बोळातून आरपार

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर हसायला वाचते. राग मानू नका. माझा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही... पण जे घडलं ते घडलं, आणि माझ्यासोबत ते बघणारी धडधाकट माणसं होती. म्हणून लिहिते आहे.

माझे आई-वडील ऊसतोड करतात. गाव खर्ड्याच्या जवळ, जामखेड तालुका. दसरा झाला की बिऱ्हाड ट्रॉलीत चढायचं आणि मी होस्टेलवर. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. इतिहासात एम.ए. केलं आहे, आणि हे मी चारचौघांत सांगतेच, कारण ते मला फुकट मिळालेलं नाही. सुट्टीत आई-वडिलांकडे फडावर गेले की तिथे चकव्याच्या गोष्टी निघायच्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — चकवा लागला की माणूस ओळखीच्या वाटेवर भरकटतो आणि फिरून फिरून त्याच जागी येतो. आई म्हणायची, चकवा लागला की चालत राहू नये, जागेवर बसावं, बसलं की सुटतो. मी अकरावीत असताना तिला ऐकवलं होतं, "आई, दमलेलं माणूस अंधारात सरळ चालत नाही, एवढंच विज्ञान आहे त्यात." ती म्हणाली, "बरं बाई. तुजं इज्ञान तुज्यापाशी, माजा चकवा माज्यापाशी."

आता मुद्द्यावर येते.

आठवडाभर मी एका क्लासमध्ये शिकवते आणि रविवारी सकाळी नगरच्या जुन्या शहरात वॉक घेते. (अहिल्यानगर झालं आहे, पण तोंडात नगरच येतं.) कमरेला छोटा स्पीकर, कानाला माईक आणि मागे पाहुणे. माळीवाडा वेशीपासून सुरुवात करायची, पेठांमधून, कापडबाजाराच्या मागच्या गल्ल्यांमधून जायचं, आणि शेवटी एका जुन्या दगडी हौदापाशी थांबायचं. त्या हौदात निजामशाहीच्या काळात खापरी नळांनी पाणी यायचं. तिथे सगळे फोटो काढतात, मग चहा, भजी, आणि संपलं. हा रस्ता मी झोपेतही चालू शकते.

दसरा-दिवाळीच्या मधल्या एका रविवारसाठी मला पुण्याहून एका बाईंचा फोन आला. कुसुमताई. वय सत्तरीच्या आसपास. माहेर नगरचंच. माहिती विचारून झाल्यावर म्हणाल्या, "एक विचारू? भांड्यांच्या दुकानाअलीकडे एक बोळ आहे. तुमचा वॉक तिथून जातो का?"

"का हो? बघायचाय का तुम्हाला?"

"नाही. तिथून जात असेल तर मी येत नाही."

मी हसून म्हटलं, "ताई, तो तर बंद बोळ आहे. टोकाला गोडाऊनची भिंत आहे. तिथून वॉक जाऊच शकत नाही. माझा शब्द."

असा शब्द द्यायला काय जातंय? भिंतीतून थोडंच कोणी जाणार आहे!

रविवारी त्या आल्या त्या पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्यावर टोपी अशा थाटात. ग्रुपमध्ये कोल्हारचे एक निवृत्त गुरुजी होते, देवळाली प्रवऱ्याचं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं, बाकी पुण्याकडची मंडळी. वाटेत कुसुमताई माझ्याबरोबर चालत होत्या. आपली शाळा त्यांनीच मला दाखवली. इथे चिंचा मिळायच्या, इथे भावाने मला सायकल शिकवली आणि गटारात पाडलं... बोलताना एकदम लहान झाल्या होत्या. मी सहज विचारलं, "मग त्या बोळात काय आहे?"

त्या म्हणाल्या, "माझं माहेर. आई गेली तेव्हा मला निरोप उशिरा मिळाला. येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी दारात उभी राहून नाही नाही ते बोलले. वहिनी ओटी घेऊन मागे आली, म्हणाली निदान ओटी तरी घेऊन जा. मी तशीच उंबरा उतरले. 'या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही' म्हणाले... नंतर भाऊ गेला, तरी आले नाही."

आपल्याकडे सासरी निघालेली लेक माहेरातून रिकामी जात नाही. ओटी न घेता जाणं म्हणजे नातंच तोडून जाणं. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आता कोण असतं तिथे?"

"वहिनी एकटीच. मुलं बाहेर आहेत, असं कानावर आलं." मग लगेच म्हणाल्या, "मला शहर बघायचंय. ते दार नाही बघायचं."

भांड्यांच्या दुकानापाशी आलो. दुकान बंद होतं, पण मालक — आम्ही त्यांना भांडीवाले काका म्हणतो — पायरीवर बसून पेपर वाचत होते. दुकानाच्या अलीकडे तो बंद बोळ आणि दुकानाच्या पलीकडे आमची हौदाची गल्ली. बोळाचं तोंड मी मुद्दाम बघून मागे टाकलं. दुकान ओलांडलं. वळले.

गल्लीत पुढे जाऊन मी खापरी नळांची माहिती सांगत होते, तेवढ्यात कुसुमताईंनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताला एक निळं दार होतं. बाहेर दगडी ओटा, त्यावर उन्हात घातलेले गहू. हौदाच्या गल्लीत असं दार नाही.

"तुम्ही शब्द दिला होता," त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, बोलण्याच्या नादात मी अलीकडेच वळले. पण मग पुढे भिंत यायला हवी होती. भिंत आली नाही. बोळाला एक वळण होतं, ते घेतलं, आणि आम्ही सगळे रस्त्यावर बाहेर पडलो. समोर काही अंतरावर तेच दुकान आणि पेपर वाचणारे काका.

"काय मॅडम, काही दाखवायचं राहिलं का?" काका म्हणाले.

"एक राहिलं होतं," मी ठोकून दिलं. गाईडने पाहुण्यांसमोर गोंधळून चालत नाही.

पुन्हा दुकान ओलांडलं. या वेळी माईक बंद केला, तोंडही बंद. नीट बघून पलीकडच्या गल्लीत वळले. आणि चार पावलांवर... निळं दार, ओटा, गहू. फरक एवढाच की आता खिडकीचा पडदा बाजूला झालेला होता.

मागून देवळालीच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हे दार मघाशी पाह्यलं ना?"

"सगळी दारं सारखीच असतात गं."

"तुम्हाला सगळंच सारखं. मागच्या आठवड्यात दुसऱ्याच्या गाडीला चावी लावत होतात."

लोक हसले. मी हसले नाही. कुसुमताई खाली बघून भराभर चालत होत्या. वळण, रस्ता, दुकान. काकांनी आता पेपर खाली ठेवला होता.

"मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

सकाळची वेळ, लख्ख ऊन, माणसं येत-जात होती, कोपऱ्यावर दूधवाला होता. भीती वाटावी असं काहीही नव्हतं. मला भीती वाटलीही नाही — लाज वाटली. एका बाईला दिलेला शब्द मी दोनदा मोडला होता. आई आठवली. बस म्हणाली असती. पण भर बाजारात, पाहुण्यांसमोर, मी एम.ए. झालेली बाई काय रस्त्यावर बसकण मारू? म्हटलं, आता डोळ्यांत तेल घालून जायचं. गुरुजींना सांगितलं, "गुरुजी, तुम्ही पुढं व्हा. दुकानाच्या पलीकडची गल्ली." गुरुजी पुढे, मी मागे. त्यांनी दुकान ओलांडलं, मोठ्याने म्हणाले, "ही ना?" मी म्हटलं, "हीच." वळलो.

निळं दार उघडं होतं.

ओट्यावरचे गहू आवरलेले होते आणि उंबऱ्यात एक म्हातारी उभी होती. बारीक चण, डोक्यावर पदर. हातात सूप. सुपात गहू, खण, हळकुंड, सुपारी, कुंकवाचा करंडा आणि एक मोठं सीताफळ.

कुसुमताईंचे पाय तिथेच थिजले. मग त्या हळूहळू त्या ओट्यावर बसल्या.

"आवं वन्सं," म्हातारी म्हणाली, "दोन येळा दारावरनं गेलात. म्हनलं तिसऱ्यांदा आल्या तर रिकाम्या नगं जायला. नारळ न्हाई घरात, शीताफळ हाय."

कुसुमताई म्हणाल्या, "वहिनी... मी तेव्हा—"

"भांडान मागनं करा. आदी पदर धरा."

"पदर कुठंय? ड्रेस आहे."

वहिनींनी त्यांना टोपीपासून बुटापर्यंत बघून घेतलं. "व्हय की. ह्ये काय सोंग? ... मग वढनी धरा."

एवढं म्हणून सूप घेऊन त्या पुढे आल्या आणि अडखळल्या. आमच्याकडे बघून देवळालीच्या बाईंना म्हणाल्या, "बाई, तुमी भरता का? तुमच्या गळ्यात मंगळसूत्र हाय. माजे मालक गेले. माज्या हातानं चालत न्हाई."

देवळालीच्या बाई पुढे झाल्या, पण कुसुमताईंनी ओढणी आवळून घेतली. "नाही. तूच भर. नाहीतर मी अशीच उठते."

"आवं, तवाबी धमकी, आताबी धमकीच का?"

"हो. धमकीच."

मग वहिनींनी ओटी भरली. थोडे गहू खाली सांडले. कुंकवाला मात्र त्या हात लावेनात. कुसुमताईंनी त्यांचं बोट धरून करंड्यात बुडवलं आणि स्वतःच्या कपाळाला टेकवलं. आमच्यापैकी कोणी फोटो काढला नाही. एरवी भिंतीवरच्या पालीचाही काढतात.

कुसुमताई तिथेच राहिल्या. निघताना मी वहिनींना विचारलं, "यांना ओळखलंत कसं तुम्ही? टोपी होती, इतक्या वर्षांनी..."

"चालन्यावरनं. सासूबाई आशाच चालायच्या, कुनाच्या तरी अंगावर गेल्यागत." कुसुमताई आतून ओरडल्या, "ऐकू येतंय मला!" वहिनी हसल्या. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "पन पोरी, एक सांग. दोनी येळा तुमी खालनं वर गेला. माघारी येताना कुनीच न्हाई दिसलं. मी खिडकीतच हुते. वर गेला कुठं तुमी?"

"वळणावरून बाहेर पडलो की, रस्त्याला."

"वर तर भित्ताड हाय."

मी ग्रुपला घेऊन पुढे निघाले, आधीसारखीच. वळण घेतलं. समोर भिंत होती. गोडाऊनची जुनी भिंत, सांध्यांतून उगवलेली पिंपळाची रोपं, खाली वर्षानुवर्षांचा कचरा. गुरुजींनी तिला हात लावून बघितला. मग आम्ही मागे फिरलो, निळ्या दारावरून गेलो, आणि बोळाच्या एकुलत्या एक तोंडातून बाहेर पडलो. ते तोंड दुकानाच्या अलीकडे होतं. आम्ही तर पलीकडे वळलो होतो.

हौद त्या दिवशी एका झटक्यात सापडला. भजी कोणी फारशी खाल्ली नाहीत.

तेव्हापासून मी डोकं लढवते आहे. मी चुकून तीनदा बोळात वळले असेन, हे मान्य. माणूस चुकतो. गुरुजीही चुकले असतील. पण भिंत? मागे न वळता दोनदा बाहेर कसे पडलो? गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "मी कांद्याच्या चाळीत बसून विचार करतो ताई, उत्तर नाही." भांडीवाले काका सांगतात, दोन्ही वेळा तुम्ही रस्त्याच्या खालच्या अंगाने आलात. त्या बाजूला रस्त्याला निघणारा दुसरा बोळ नाहीच. मी एकटी जाऊन बघितलं, नगर जन्मभर फिरलेल्या माणसांना विचारलं. काही निघालं नाही.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला भिंतीचं काहीच वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं, "मग सुटलं कवा?"

"त्या बाई ओट्यावर बसल्या, त्यानंतर."

"मग? काय म्हनले हुते मी?" आणि लगेच म्हणाली, "जेवलीस का?"

कुसुमताई दिवाळीला पुन्हा आल्या होत्या, या वेळी साडी नेसून. माझ्यासाठी चिवडा आणला होता. मी त्यांची माफी मागितली, दिलेला शब्द पाळता आला नाही म्हणून. त्या म्हणाल्या, "असा शब्द पुन्हा कुणाला देऊ नका."

मी वॉक अजून घेते. भांड्यांच्या दुकानापाशी आलं की हल्ली आपोआप थोडी थांबते. बोळाच्या तोंडाशी कधीकधी वहिनी भाजीवाल्याशी घासाघीस करत उभ्या असतात. मला बघितलं की लांबूनच ओरडतात, "काय गं, आज सरळ जानार का आरपार?"

पाहुणे विचारतात, तिकडे काय आहे? मी सांगते, काही नाही, बंद बोळ आहे. खरंच आहे. मी भिंतीला हात लावून बघितला आहे.