बोटीसाठी ठेवलेला नारळ

मे महिन्यात आमच्या घरात माणसं येतात. म्हणजे भरती येते तशी येतात, कुणी बोलवावं लागत नाही. मुंबईहून थोरले भावोजी आणि जाऊबाई, ठाण्याहून नणंद आणि तिचं बिऱ्हाड, शिवाय त्यांच्या ओळखीचे कुणी ज्यांना 'मालवण बघायचंच आहे'. समुद्र आमच्या अंगणातून दिसतो, हा आमच्या घराचा गुण सगळे सांगतात. तो दोष आहे हे फक्त मला ठाऊक आहे.

मी शाळेत शिकवते. त्यामुळे लोक म्हणतात, तुझं बरं आहे, उन्हाळ्याची सुट्टी असते. असते ना. सकाळी घावणे, दुपारी माशाची कढी, चार वाजता चहा, साडेचारला उशिरा उठलेल्यांचा चहा, मग किनाऱ्यावरून परत आलेल्यांचा चहा. सगळ्यांचा झाल्यावर मी माझा कप हातात घेते, तेवढ्यात कुणालातरी टॉवेल सापडत नाही. परत येते तोवर चहावर साय धरलेली असते. लग्न झाल्यापासून मी मे महिन्यात गरम चहा प्यालेली नाही. रात्री उशा पाहुण्यांकडे जातात आणि मी साडीची घडी डोक्याखाली घेऊन झोपते. जाऊबाईंचं तर विचारू नका. एस.टी.तून उतरल्या की त्या पडवीतल्या झोपाळ्यावर जाऊन बसतात त्या जून उजाडेपर्यंत उतरत नाहीत. "तू कर गो, तुज्या हाताक चव आसा," एवढं मात्र न चुकता म्हणतात.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. म्हणजे यंदाची सुट्टी ही माझी शेवटची उन्हाळी सुट्टी. त्यानंतर मला सुट्टी कोण देणार? तेव्हा ठरवलं, की हा एक मे माझा. जिथे मला कुणी काही मागणार नाही, अशा ठिकाणी जायचं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या सावकाशीने म्हणाला, "जावया. खंय?"

"बोटीवर."

त्याने अंगणापलीकडे पाहिलं. समुद्र जागच्या जागी होता. "दर्यो दारात आसताना दर्यो बघूक बोटीर जावचा?"

मी म्हटलं, हा दर्या पाहुण्यांचा आहे. मला दुसरा पाहिजे.

मग मी बोटी शोधायला बसले. आधी मोठ्या बोटी पाहिल्या. एकीवर बारा मजले, पाण्याच्या घसरगुंड्या, तीन ठिकाणी गाणी, दिवसभर बुफे आणि हजारो माणसं. फोटोत सगळे हात वर करून ओरडत होते. हे म्हणजे आमचंच घर झालं, फक्त वर पोहायचा तलाव बांधलेला. लोक स्वतःचा मे महिना सोडून दुसऱ्याच्या मे महिन्यात का जातात, मला कळलं नाही.

मग कळलं की ज्यांना शांतता पाहिजे त्यांच्यासाठी वेगळ्या कंपन्या असतात. त्यांच्या बोटी लहान, माणसं थोडी आणि शब्द फार. 'निःशब्दतेचा उत्सव.' 'लाटांशी आपला खासगी संवाद.' प्रत्येकीच्या फोटोत तीच एक बाई, डोक्यावर पांढरी हॅट, समुद्राकडे बघत बसलेली. तिच्या बाजूच्या टेबलावर कप, आणि कपातून वाफ येत होती. बाकीच्या मजकुराला मी भुलले नाही, पण त्या वाफेला भुलले.

एक कंपनी सांगत होती की आमच्याकडे प्रवाशांपेक्षा सेवक जास्त. मी ते दोनदा वाचलं. आमच्याकडेही प्रमाण ठरलेलंच आहे, पण उलट्या बाजूने. दुसरी विचारत होती, आपल्याला उशी कोणत्या प्रकारची लागेल? मऊ, कडक, पिसांची, की मानेला आधार देणारी? माझ्या आवडीची उशी कुठली हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी विचारलं, आणि विचारणारा कॉम्प्युटर होता. दोन दिवस विचार करून मी मऊ ठरवली.

शेवटी एक निवडली. कोचीहून निघून लक्षद्वीपच्या बेटांकडे जाऊन यायचं. वरच्या डेकवर फोन वाजवायचा नाही, भोंग्यावरून सूचना नाहीत, जेवायला दोघांचं वेगळं टेबल. एजंटाला फोन लावला. तो 'मॅडम, आमचा अनुभव अगदी निवडक आहे' असं बोलणारा निघाला. मी त्याला म्हटलं, मला एकच सांगा, तिथे चहाचं कसं?

"मॅडम, चोवीस तास मिळतो."

"मिळतो ते कळलं. कुणी माझ्याकडे मागणार नाही ना?"

त्याने मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. त्याच्या निवडक अनुभवात हा प्रश्न कधी आला नसावा. मग म्हणाला, "नाही मॅडम." मी बुकिंग केलं.

आता एकच काम उरलं होतं, तोंड बंद ठेवायचं. मुंबईत कळलं तर 'आम्ही यायचं कुठे मग' सुरू होणार. म्हणून ठरवलं, की मे उजाडला की कळवायचं, तोवर आपण बोटीत. नवऱ्याकडून मी वचन घेतलं, की कुठल्याही माणसाला सांगायचं नाही. त्याने दिलं, आणि सांगून टाकते, त्याने ते अक्षरशः पाळलं.

शिमग्याला सगळे गावी आले. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालतात. ज्याला देवाकडे काही मागायचं असेल त्याने नारळ ठेवायचा, आपलं म्हणणं गावच्या मानकऱ्यांना बाजूला सांगायचं, आणि मग त्यांनी ते सगळ्या गावासमोर, देवाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात मांडायचं. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवाला सगळं तपशिलात सांगावं लागतं, अर्धवट सांगितलं तर काम अर्धवट होतं, असं मानतात. आणि मानकरी आमचे ऐंशीच्या घरातले, पण आवाज असा की पलीकडच्या वाडीत म्हशी कान टवकारतात.

कुणाच्या लेकीच्या लग्नाचं गाऱ्हाणं झालं, कुणाच्या बोअरवेलचं झालं. मग त्यांनी पुढचा नारळ उचलला. नवरा माझ्या बाजूला हात जोडून उभा होता, डोळे मिटलेले. मला शंका यायला हवी होती.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरान तुज्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ही घोव-बायल मे म्हयन्यात बोटीत बसान फिराक जातली आसत. वाटेत वारो-वादळ काय्येक होव देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

मी कोपराने ढोसलं. नवऱ्याने डोळे उघडले नाहीत.

"म्हाराजा, ह्येंच्या घरात मे म्हयनोभर पावण्यांचो राबतो आसता. रांधून-वाढून ह्या बायेचो जीव मेटाकुटीक येता. तेका कोण नाय थंय जराशी शांतताय व्हयी आसा!"

"व्हय म्हाराजा!" पाहुणे म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज थोरल्या भावोजींचा होता.

"आणि ज्या पावण्यांका ह्या ठावक नाय, तेंका जाईसर ठावक होव नये, अशी बुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाहुणे पुन्हा म्हणाले, जरा हळू.

मी जमिनीकडे बघत राहिले. घरी आल्यावर स्वयंपाकघरात नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "वचन दिलंत ना?"

"मी खंयच्या माणसाक सांगलंय?" तो म्हणाला. "देवाक सांगलंय." आणि त्याचा चेहरा इतका निष्पाप होता की मारताही येईना.

आता दुपारी जेवताना भांडण होईल, असं मला वाटलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. झालं ते भयंकर होतं. सगळ्यांना गहिवरून आलं. थोरले भावोजी हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "अगो बाय, आधी सांगूचा नाय? आमी काय परके? तुका आमचो तरास होता, हां आमच्या ध्यानातच नाय इला."

मी म्हटलं, "तसं नाही भावोजी."

"तसांच आसा. आता तुमी दोघांच कित्याक? आमीव सगळी येतव. जेवाण बोटीर, चाय बोटीर. तुका कसलोच तरास नाय!"

नणंद म्हणाली, किती छान, सगळे एकत्र. तिच्या नवऱ्याने तिथेच एजंटाचा नंबर मागितला. माझ्याकडून कुणी होकार घेतला नाही. तो बहुधा देवळातच घेतला होता.

पुढच्या आठवड्यात एजंटाचा फोन आला. आवाज पार बदललेला. "मॅडम, अभिनंदन! तुमचा आता ग्रुप झाला!" ग्रुपला मोठं एकत्र टेबल मिळतं म्हणाला. ग्रुपसाठी वरच्या डेकवर एक संध्याकाळ अंताक्षरीही ठेवता येईल, खास बाब म्हणून. मी विचारलं, त्या शांततेचं काय झालं? तो म्हणाला, ती आहेच मॅडम, ग्रुप नसेल तेव्हा.

मग तयारी सुरू झाली, आणि ती कुणी करायची याबद्दल मतभेद नव्हते. बोटीवरचं जेवण मिळमिळीत असणार, म्हणून सुकटीची चटणी. पोरांना भूक लागेल, म्हणून रव्याचे लाडू. भावोजींना सकाळी पेज लागते, तेव्हा उकडे तांदूळ. जिथे प्रवाशांपेक्षा सेवक जास्त होते त्या बोटीसाठी मी तीन दिवस चुलीपुढे उभी राहिले. लाडू वळता वळता मला रडू आलं. कुणाला दिसलं नाही, कारण पुढ्यात कांदाही चिरून ठेवला होता.

निघायच्या दिवशी सगळे इथेच जमले होते, कुडाळहून कोचीची रेल्वे पकडायची होती. अंगणात बॅगा, डबे, वर कुणाच्या तरी हॅटी. मी शेवटचा डबा बांधत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आढीचं काय करायचं?"

सगळे थांबले. माळ्यावर गवतात देवगडचे आंबे घातले होते. आढी घालून ठेवली की रोज बघावी लागते. पिकलेला काढायचा, डागाळलेला बाजूला करायचा. एक कुजला की शेजारचे जातात. ती तशीच टाकून जायची गोष्ट आमच्यात कुणी बोलतसुद्धा नाही. मी म्हटलं, मी राहते.

नाही हं, असं कसं, असं दोघांतिघांनी म्हणून पाहिलं. पण त्यांची नजर माळ्याकडे गेली होती. परत आल्यावर त्यांनाच ते आंबे खायचे होते. भावोजी म्हणाले, "बायेचां म्हणणां बरोबर आसा." माझ्या जागी नणंदेच्या लेकीची सोय झाली.

नवरा जवळ आला. "मीव रवतंय," तो हळूच म्हणाला. त्याला कळलं होतं. मी म्हटलं, "तुमी जावा. देवाक तुमीच सांगलात."

बोटीवर जायचं होतं का मला? होतं, खोटं कशाला बोलू. मऊ उशी ठरवली होती मी.

गाड्या वळणाआड गेल्या आणि घर रिकामं झालं. मे महिन्यात. झोपाळा रिकामा, न्हाणी रिकामी, दोरीवर एकही टॉवेल नाही. मी आधणाला सवयीने मोठं टोप ठेवलं, मग ते उतरवून लहान ठेवलं. कप घेऊन पडवीत आले, झोपाळ्यावर बसले. कपातून वाफ येत होती. समोर समुद्र होता, आणि मला कुणी त्याच्याविषयी काही सांगत नव्हतं. चहा गरम होता. जीभ भाजली. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने हसले.

दिवसातून एकदा माळ्यावर जायचं, पिकलेला एक आंबा घेऊन खाली यायचं आणि उभ्या उभ्या, कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर खायचा, एवढंच काम होतं. बोटीवरून फोन येत राहिले. नणंदेला बोट लागली होती, तिला आमसूल कुठल्या डब्यात ते पाहिजे होतं. भावोजींनी बोटीवरच्या आचाऱ्याकडून एक शेगडी मिळवली होती, त्यांना पेज किती वेळ शिजवायची ते पाहिजे होतं. मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवून दिला.

एका दुपारी तांदूळ घ्यायला डबा उघडला तर तो वाजत होता. जाऊबाई. घेणार नव्हते, पण त्या स्वतः कधी फोन करत नाहीत.

"गो," आवाज अगदी दबका, "हळू बोल हां. मी न्हाणयेत कडी लावन बसलंय."

"काय झालं वहिनी?"

"काय जावचा? पेज मी करतंय, नणंदेक औषध मी देतंय, पोरांका लाडू मीच वाटतंय. सगळी 'वयनी, वयनी' करतत. वर्सभर मुंबयत ह्याच करतंय. गावाक येतंय, झोपाळ्यार बसतंय, तितकीच माका सुटी. ती यंदा गेली बघ."

मी झोपाळ्याकडे पाहिलं.

बाहेरून कुणीतरी दार वाजवल्याचा आवाज आला. जाऊबाई घाईघाईने म्हणाल्या, "आयक. फुडच्या शिमग्याक माज्या नावान एक नारळ ठेव. पण मानकऱ्यांका सांगा नको. तूच मनातल्या मनात गाऱ्हाणां घाल. घालशीत मा?"

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."