उजवा रकाना

सलीलदादाने माझं पान पडद्यावर लावलं आणि सेमिनारचा वर्ग हसला.

पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे पहिली कविता, उजवीकडे दुसरी. आमच्या उदगीरच्या शाळेत 'तुलना करा' म्हटलं की असंच लिहायचं. डाव्या मुद्द्यासमोर उजवा मुद्दा. जर्मनीत येऊनही मी तेच केलं होतं.

"आल्झो," अशी जर्मन 'तर'ने सुरुवात करून तो वर्गाला इंग्रजीत म्हणाला, "आमच्या खेड्यांत कविता अशी शिकवतात." मग माझ्याकडे बघून मराठीत, "आणि उजवा रकाना रिकामाच की गं. गाईडमध्ये नव्हतं वाटतं?"

मराठी कुणाला कळलं नाही. तरी सगळे पुन्हा हसले. मीही हसले. तेच जास्त लागलं.

सलीलदादा पुण्याचा. सेमिनार घेणाऱ्या प्राध्यापिकाबाईंचा सहायक. त्यांच्या घरात आजोबांपासून सगळे शिकवणारे. मी घरातली पहिली पदवीधर. मला खोली त्यानेच मिळवून दिली. कचेऱ्यांमध्ये सोबत आला, माझ्यासाठी जर्मन बोलला. मित्रांना तो माझी ओळख 'आमची उदगीरची मुलगी' अशी करून द्यायचा. मी कृतज्ञ होते. खरंच होते. पीएचडीसाठी माझी शिफारसही तोच करणार होता. ती झाली नाही तर व्हिसा संपणार आणि मी परत. त्याच्यासमोर माझं तोंड उघडत नसे.

दोन्ही कविता आजच्या स्कॉटलंडमधल्या. पहिलीत जिने पुसणारी बाई स्वतः बोलते. तुटक ओळी, तिच्या गल्लीची बोली, मध्येच लागलेली धाप. दुसरीत एक कवी लहानपणी खिडकीतून पाहिलेली तशीच बाई आठवतो. लांब, गुळगुळीत ओळी. तिचे लाल हात, बादलीतली वाफ, पाठीवरचं ऊन. वर्गाचं ठरलेलं मत असं की दोन्ही कविता श्रमाला प्रतिष्ठा देतात, फक्त तंत्र वेगळं.

मी मुद्दा घेतला होता, बाई काय म्हणते. डावा रकाना भरून गेला. उजव्यात लिहायला काही सापडेना. पुन्हा वाचलं. अख्ख्या कवितेत ती एक शब्द बोलत नाही. मग रकाना रिकामाच ठेवला.

मला हे दिसलं, कारण मी ते आधी पाहिलेलं होतं. माझी आई डॉक्टरांच्या बंगल्यावर धुणंभांडी करायची. डॉक्टरीणबाईंनी एकदा महिला मंडळात आईवर भाषण केलं. "हिच्या हातांत मला साक्षात अन्नपूर्णा दिसते." टाळ्या. आई मागे मोरीपाशी चहाचे कप विसळत होती. तिला कुणी पुढे बोलावलं नाही. घरी येताना मी विचारलं, भाषण कसं झालं? ती म्हणाली, "चांगलं बोलल्या की. मला एकदा विचारलं असतं तर मी बी बोलले असते."

सेमिनारनंतर सलीलदादा कॉफी घेऊन आला. "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. तुझी हाउसआर्बाइट मी नीट करून दिलीय. अशीच दे."

हा सत्राअखेरचा निबंध; माझा खर्डा मी त्याला आधी वाचायला दिला होता, आईच्या परिच्छेदासकट. त्याच्या प्रतीत रेघ नव्हती. आई नव्हती. रिकाम्या जागेचा मुद्दाही नव्हता. छान इंग्रजीत लिहिलं होतं, दोन्ही कविता श्रमाला प्रतिष्ठा देतात.

"दादा, हे माझं नाहीये."

"तुझं होतं ते रडगाणं होतं. ते इथे आणायचं नसतं गं, लोक आपल्याबद्दल काय समजतील? तंत्रावर लिही."

"बाईला बोलू न देणं, हेच तंत्र आहे."

त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. मग हसून म्हणाला, "तुला इथे कुणी उभं केलं, तेवढं विसरू नकोस."

तेव्हा लख्ख दिसलं. इतके दिवस मी त्याच्या खिडकीखालची बाई होते. तो माझं कौतुक करत होता आणि मी बोलत नव्हते.

मी माझाच निबंध दिला. रेघेसकट.

शिफारस झाली नाही. व्हिसाचं काय होणार, माहीत नाही. खोली अजून त्याच्याच ओळखीतली. ती सोडता येत नाही, दुसरी मिळत नाही. विभागाच्या जिन्यात भेटला की तो आता मराठी सोडून माझ्याशी जर्मनमध्ये बोलतो. संध्याकाळी दार लावून बसते तेव्हा भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात.

त्याने केलेली मदत मी नाकारत नाही. संधी मिळाली की परतफेड करीन. माझी जीभ देऊन नाही.

पुढच्या सेमिनारला निबंध मीच वाचणार आहे. माझ्या उच्चारात, आईच्या परिच्छेदासकट. ते हसले तर मी थांबेन. हसणं संपू देईन. मग पुढची ओळ वाचेन.