‘उष्टं’ नावाचं टेबल

लतिका रामटेके एका जागी बसलेली मी फारशी पाहिलीच नाही. प्रोग्राम लिहितानाही दोन ओळी झाल्या की उठून येरझारा. मी तिचा भागीदार अच्युत, जबलपूरच्या दीक्षितपुऱ्याचा. ती बनवायची, मी विकायचो. माल म्हणजे पॅथॉलॉजी लॅबसाठीचं सॉफ्टवेअर, आणि ऑफिस म्हणजे रांझीतल्या तिच्या घराची पुढची खोली. वडील गेल्यापासून घरात ती आणि तिची आई भीमाबाई, दोघीच.

सॉफ्टवेअर विकलं की त्याच्यासोबत डेटाबेसही गिऱ्हाइकाच्या संगणकात जातो. कोणती माहिती कोणत्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, ठेवली, कोणतं टेबल कशाला जोडलं, हे जाणकार माणूस उघडून पाहू शकतो. लतिकाची सगळी अक्कल त्या जोडणीत होती. रक्त एकदाच घ्यायचं, आणि उरलेल्यात आणखी कोणत्या तपासण्या होतील ते प्रोग्रामनं सांगायचं, म्हणजे लहान मुलाला पुन्हा सुई नको. शहरात हे दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. ते कोणी ढापलं तर आमच्याकडे विकायला काही उरलं नसतं, आणि या धास्तीनं ती मलाही जगू देत नव्हती. पासवर्ड बदल, गिऱ्हाइकांना फोन कर, तुमच्याकडे कोणी नवा माणूस आला होता का विचार. वकिलाकडेही जाऊन आलो. तो म्हणाला, करारात लिहून घ्या, पण चोर पकडायचा कसा ते तुमचं तुम्ही पाहा.

मग तिनं शक्कल काढली. टेबलांची इंग्रजी नावं पुसून तिथे आईच्या मराठी बोलीतले शब्द घातले. जबलपुरात आमच्या घरांबाहेर ते कळणार कोणाला? खरं तर तिलाही कळत नव्हते. लतिका घरातसुद्धा हिंदीच बोलायची. म्हणून महिनाभर आईच्या मागे फिरून विचारत होती, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. भीमाबाई त्या महिन्यात इतक्या खुलल्या की स्वयंपाक करताना मोठ्यानं बोलायच्या. बाहेरच्या लॅबला पाठवलेले नमुने झाले ‘धाडलं’, आणि उरलेलं रक्त झालं ‘उष्टं’. मी पोट धरून हसलो. काम संपलं आणि लतिका परत पासवर्ड बदलू लागली.

उन्हाळ्यात आम्ही शहपुऱ्याच्या एका लॅबमध्ये गेलो होतो. संध्याकाळी परतलो तर भीमाबाई दारातच, खुशीत. एक भला माणूस येऊन गेला म्हणाल्या. मराठी शिकतो म्हणे. मोबाइलमध्ये पाहून एकेक शब्दाचा अर्थ विचारत होता. त्याला चहा दिला, पोहे दिले. त्यांनी वर्णन केलं आणि मी ओळखला. आमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीचा तिवारी. कुठल्या तरी लॅबमध्ये त्यानं आमचा डेटाबेस उघडला असणार आणि नावांपाशी अडला असणार.

“आई, उष्टं का मतलब पूछा उसने?” लतिकानं विचारलं.

“पुसलं ना. म्या सांगितलं, एकाच्या ताटात उरलेलं दुसऱ्यानं खायचं, ते उष्टं. त्याले लय आवडला तो शब्द.”

माझं डोकं फिरलं. मावशी, अनोळखी माणसाला घरात घ्यायचंच कशाला, असं मी तोडून बोललो. लतिका या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत हिंदीत सांगत होती की काय गेलं, किती वर्षांचं गेलं. भीमाबाईंना डेटाबेस काय कळणार? पण आपल्या हातून पोरीचं नुकसान झालं, एवढं कळलं. त्या हळूच खाली बसल्या.

“तू महिनाभर पुसलं बाई,” त्या म्हणाल्या. “मंग एक दिवस पुसणंच बंद केलं. मले वाटलं, माह्यापासचं तुह्या कामाचं सरलं. आज हा आला, त्यानं पुसलं. मंग म्या काहून नाही सांगू?”

लतिका थांबली. आईला मराठीत काहीतरी सांगायचं तिच्या मनात होतं, तोंडही उघडलं होतं. पण त्यासाठी लागणारा एक शब्द तिला सुचेना.