पुदिन्याची हजामत

आमच्या गल्लीतील बहुतेक डोकी ज्यांच्या हाताखालून गेली आहेत, त्या गृहस्थांच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र एकही केस नाही. ते माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते आणि या लेखातही तसेच म्हणणार आहे. त्यांच्या केशकर्तनालयाच्या वर माझी खोली आहे. जिना दुकानातूनच वर येतो, त्यामुळे मी घरात असले तरी निम्मी दुकानात असते. खाली कात्री थांबली की मला वर कळते.

भाऊजींचा स्वभाव फार मऊ आहे. लहान मूल खुर्चीत बसून रडू लागले, तर ते आधी स्वतःच्या टकलावरून कंगवा फिरवतात आणि विचारतात, "बघ बरं, मला दुखलं का?" मूल हसते आणि तेवढ्यात त्याची एक बाजू कापून होते. लग्न त्यांनी केले नाही. कारण विचारले, तर "दुकानात गिऱ्हाईक होतं, राहून गेलं," एवढेच सांगतात.

रोज सकाळी त्यांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे घड्याळजी. हे त्यांचे बालमित्र. पूर्वी कोपऱ्यावर घड्याळे दुरुस्त करीत. हात थरथरू लागला तेव्हा त्यांनी आपले दुकान बंद केले, परंतु दाढीसाठी येणे बंद केले नाही. दारालगतची खुर्ची त्यांची. तीत बसून ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत, आणि गालांना फेस लागला तरी थांबत नसत.

"अरे, हलू नकोस. गळा कापला जाईल!" असे भाऊजी ओरडत.

"काप की. उद्या तीही बातमी मीच वाचतो," असे घड्याळजी म्हणत.

मला वाचायला फार उशिरा आले. प्रौढांच्या वर्गात नाव घातले तेव्हा चष्मा आधीच लागलेला होता. तोपर्यंत जगात काय चालले आहे ते मला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून, फेसातून येणाऱ्या त्या आवाजातच कळत असे. म्हणून पुढील हकिकत मी तटस्थपणे लिहू शकेन, असे वाटत नाही.

आमच्या शेजारी फळांचे दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सर्वजण मावशी म्हणतात. त्या मनाने मोठ्या आणि जिभेने तिखट आहेत. उन्हे वाढली की त्यांच्या पपयांवर आणि पेरूंच्या सालींवर गांधीलमाश्या येतात. तेथून साबणाच्या आणि केसांच्या तेलाच्या गोड वासावर त्या आमच्याकडे वळतात. पोळे मागच्या कुलूपबंद गोदामाच्या छपरात कोठेतरी असावे. तेथे कोणाचा हात पोहोचत नाही.

एका सकाळी घड्याळजींच्या मानेवरील फेसात एक गांधीलमाशी उतरली आणि डसली. भाऊजींनी वस्तरा मागे घेतला म्हणून मोठा अनर्थ टळला. परंतु पाहता पाहता घड्याळजींचे ओठ सुजले, आवाज बसला आणि श्वास लागू लागला. मावशींनी मागचा-पुढचा विचार न करता हातगाडीवरील पपया रस्त्यावर ओतल्या. त्याच गाडीवर घड्याळजींना निजवून, अर्धी दाढी झालेल्या स्थितीत, भाऊजींनी आणि मावशींनी त्यांना दवाखान्यात पोहोचवले. प्राण वाचले. डॉक्टरांनी मात्र बजावले, की पुन्हा अशी माशी डसली तर एवढा वेळ मिळेलच असे नाही.

संध्याकाळी घड्याळजींची मुलगी दुकानात आली.

"काका, तुमच्यावर राग नाहीये माझा. पण या माश्या जाईपर्यंत बाबा इथे येणार नाहीत."

भाऊजी म्हणाले, "बरोबर आहे तुझं, बाळ."

दुसऱ्या दिवशी भाऊजी सामानाची पिशवी घेऊन मित्राच्या घरी गेले आणि तशीच पिशवी घेऊन परत आले. घड्याळजींनी दाढी करू दिली नव्हती.

"काय म्हणाले?" मी विचारले.

"म्हणतो, खुर्चीत बसून करतात ती दाढी, खाटेवर बसून करतात ती शुश्रूषा. मी अजून आजारी नाही, म्हणतो."

मग घड्याळजींची दाढी वाढू लागली आणि दारालगतची खुर्ची रिकामी राहू लागली. गर्दी असली तरी भाऊजी तिच्यावर कोणाला बसवीत नसत. वर्तमानपत्र घडीसुद्धा न मोडता पडून राही. मला ते पाहवेना, म्हणून मी खाली उतरून एकेक अक्षर लावून वाचू लागले. भाऊजींनी दोन-तीन दिवस ऐकून घेतले.

"वहिनी, तुम्ही छान वाचता," ते म्हणाले. "फक्त वाक्य संपेपर्यंत सरकार बदलायची भीती वाटते."

आम्ही दोघेही हसलो. त्यानंतर दोघेही रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसलो.

माश्या घालवण्यासाठी भाऊजींनी प्रथम बाजारातील औषध फवारले. माश्या दोन तास गेल्या आणि गिऱ्हाइके दोन दिवस. एक शिक्षक खोकत खोकत बाहेर पडले आणि म्हणाले, "अहो, मी दाढीला आलोय, ढेकूण म्हणून नाही!" टॉवेलांचा वास धुऊनही जाईना. ज्याने दुसऱ्याच्या तोंडाला हात लावायचा त्याने दुकानात विष ठेवू नये, असे म्हणून भाऊजींनी ती बाटली टाकून दिली.

त्यानंतर ते रोपे विकणाऱ्या माळ्याकडे गेले. उग्र वासाच्या झाडांजवळ गांधीलमाश्या सहसा रेंगाळत नाहीत, असे त्याने सांगितले. खात्री मात्र दिली नाही. "माशी काय माझी सून आहे, सांगितलं की ऐकायला?" असे तो म्हणाल्याचे भाऊजींनीच मला सांगितले. ते पुदिना, गवती चहा आणि दवणा घेऊन आले. तेलाचे आणि पावडरीचे रिकामे डबे घासून, तळाला भोके पाडून, त्यांनी दाराच्या दोन्ही बाजूंना आणि खिडकीच्या फळीवर रोपे लावली.

या झाडांवर त्यांनी जीव लावला. मान झटकायच्या मऊ ब्रशने ते पानांवरची धूळ काढीत. उन्हे फिरली की डबे फिरवीत. झाडे आनंदाने वाढली. पुदिना डब्याबाहेर आला, उंबऱ्यावर आला, गवती चहा गिऱ्हाइकांच्या कानाला लागू लागला.

मावशींना राहवले नाही. "काय हो दादा, गल्लीभर डोकी भादरता आणि स्वतःच्या दारात जटा वाढवता?"

"वाढू द्या हो, मावशी. आयुष्यभर कापतच आलो. माझ्या डोक्यावर तर काही उगवलं नाही, निदान माझ्या दारात तरी उगवू दे."

यावर मावशींनी एक पेरू पुसून भाऊजींच्या हातात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

सुरुवातीला माश्या खरोखरच कमी झाल्या. भाऊजींनी उत्साहाने निरोप पाठवला आणि एका सकाळी मुलगी वडिलांना घेऊन पाहणीस यायला कबूल झाली. परंतु तोपर्यंत पुदिन्याला तुरे आले होते, जांभळट रंगाचे, नाजूक. भाऊजींनी ते कौतुकाने मलाही दाखवले होते. त्या सकाळी मी दार उघडले, तर प्रत्येक तुऱ्यावर गांधीलमाश्या. फुलांतील मध त्यांना आवडला होता. फळांच्या दुकानात एकही नव्हती.

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझी सगळी गिऱ्हाइकं पळवलीत की!"

रस्त्याच्या पलीकडे घड्याळजी मुलीचा हात धरून उभे होते. दाढी छातीच्या दिशेने निघालेली, अंगात इस्त्रीचा सदरा. मुलीने दाराकडे पाहिले. तिने वडिलांना वळवले. घड्याळजींनी जाता जाता हात वर केला. भाऊजींनीही केला. त्यांच्या हातात कात्री होती हे त्यांच्या लक्षात नसावे.

ते आत आले. खुर्चीत अर्धे केस कापलेले शिक्षक बसले होते, परंतु भाऊजी त्यांच्याजवळ न जाता बाकावर बसले.

"वहिनी, माळ्याने सांगितलं होतं मला. खुडत राहा म्हणाला होता. फूल येऊ देऊ नका, आणि पान दुखावल्याशिवाय वास सुटत नाही, म्हणाला होता."

"मग?"

"मग काय! हातच होईना माझा."

मी म्हणाले, "भाऊजी, रडणाऱ्या मुलाचे केस तुम्ही रोज कापता. ते परत वाढत नाहीत का?"

ते उठले. नंतर त्यांनी वरच्या खिशातील कंगवा काढला. माश्या तुऱ्यांवरून उठून फळांकडे वळेपर्यंत वाट पाहिली. मग दारात उकिडवे बसून त्यांनी पुदिन्यात कंगवा घातला, केस उचलतात तशी पाने उचलली आणि कंगव्याच्या वरचा भाग तुऱ्यांसकट सरळ कापून काढला. पहिल्या कापाला त्यांनी डोळे मिटले होते, हे मी पाहिले आहे. दुसऱ्या कापापासून मात्र कात्रीला नेहमीची लय आली. बाजू बारीक केल्या, मागून उतार दिला. गवती चहाची टोके सारखी केली. दवण्याला नुसते वरवर छाटले. असा उग्र आणि थंड वास सुटला, की माझ्या खोलीतील अंथरुणाला तो रात्रीपर्यंत येत होता.

"अहो, माझी एक बाजू राहिलीये!" शिक्षक आतून ओरडले.

"आलो, आलो. याचे कल्ले जुळवून झाले की आलो!"

तेव्हापासून दुकान उघडले की प्रथम झाडांचा नंबर लागतो. कापलेली पाने दाराच्या चौकटीला चोळायची आणि उरलेली टॉवेल बुडवायच्या गरम पाण्यात टाकायची, असा क्रम पडला. मावशींनी सालींची टोपली झाकण घालून आपल्या दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेली. "एकदा पपया ओतल्या, आता टोपली हलवली. तुमच्या मित्राकडे माझं किती राहिलं ते त्याला सांगा," असे त्या कुरकुरल्या. झाडांमुळे गांधीलमाश्या नाहीशा झाल्या, असा माझा दावा नाही. त्या आजही गल्लीत आहेत. पण आमच्या दाराशी येऊन त्या वळू लागल्या, हे मी पायरीवर बसून अनेक दिवस पाहिले आणि मगच भाऊजींना दुसरा निरोप पाठवू दिला.

या वेळी मुलगी एकटी आधी आली. तिच्या पर्समध्ये, माशी डसलीच तर लगेच टोचायला, डॉक्टरांनी दिलेले इंजेक्शन होते. ती उंबऱ्यापाशी बराच वेळ उभी राहिली. एक माशी आलीच. ती पुदिन्याच्या भादरलेल्या डोक्यापर्यंत आली, हवेत अडखळली आणि उलट फिरून फळांकडे गेली.

"आली गं बाई माहेरी," मावशी पलीकडून म्हणाल्या आणि त्यांनी टोपलीचे झाकण दाबून बसवले.

मुलगी हसली. तिने बाहेर पाहून हाक मारली, "बाबा, या."

घड्याळजी आत आले आणि आपल्या खुर्चीत बसले. आरशात स्वतःकडे पाहून म्हणाले, "टकल्या, हा कोण म्हातारा बसवलायस इथे?"

"तुलाच विचारणार होतो. सुरुवात कुठून करू? तुला तर फुलं येऊन गेलीत."

"मग काप लवकर. माश्या येतील."

भाऊजींनी पुदिन्याच्या वाफेचा टॉवेल त्यांच्या तोंडावर ठेवला. टॉवेलाखालून बराच वेळ काही आवाज आला नाही. भाऊजींनी तो काढण्याची घाई केली नाही. आधी कात्री चालली, मग फेस लागला. वस्तरा गालाला टेकतो न टेकतो तोच घड्याळजींनी हात लांब करून वर्तमानपत्र ओढले.

"हलू नकोस!"

"तू हात हलवू नकोस. माझं तोंड मी बघतो."

मुलगी बाकावर दाराकडे तोंड करून राखण करीत बसली. मी माझा चष्मा काढून पदराला पुसला आणि तो परत न लावता खालच्या पायरीवर बसले. मला आता वाचता येते. त्या दिवशीच्या बातम्या मात्र मी ऐकल्या.