सुनीताच्या कार्डावरचं माझं पोट

"डब्बा घे अन् भिंतीपलीकडं जा. संडास तुह्यासाठी नाही. खालची टाकी भरून जाते."

मामी मला बोलली ते हे पहिलं वाक्य. जवाहरनगरच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये पाय ठेवून मला तासही झाला नव्हता. एकोडीहून एसटीनं आले होते, सकाळपासून आवरून धरलं होतं. मामाची मुलगी सुनीता माझ्याच वयाची, बारा वर्षांची. तिनं मोठ्या तोऱ्यात मला घर दाखवलं आणि शेवटी संडास दाखवला. पांढरं भांडं. वर पाण्याची पेटी, तिला साखळी. दाराला आतून कडी. मी उंबऱ्यात पाय टाकला आणि मामीनं मागून दंड धरून ओढलं. सुनीता खिदळली.

मी डबा उचलला.

मामा तिथल्या कारखान्यात नोकरीला होता. गावात सातवीपर्यंतच शाळा, आणि साकोलीला रोज पोरीला एकटी पाठवायला बाबा तयार नव्हते. म्हणून मी इथं. भांडी घासायची, धुणं धुवायचं, त्या बदल्यात आठवीत जायचं. परत पाठवलं तर शाळा संपली. हे मामीला ठाऊक होतं. मलाही.

मामीच्या माहेरी एका लग्नात संडासाची टाकी भरून वर आली होती. सगळ्या वऱ्हाडासमोर शोभा झाली. तेव्हापासून ती टाकीच्या हिशेबानं माणसं धरायची. तीन माणसं. चौथी मी, म्हणजे जास्तीची.

एकोडीला आम्ही बायकाबायका मिळून तलावाच्या पाळीमागं जायचो. गप्पा असायच्या, पहारा असायचा. इथं कॉलनीच्या भिंतीपलीकडं मी एकटी. थोडी झुडपं, आणि सायकलवरचा वॉचमन. तो शिट्टी मारायचा. मी अर्ध्यात उठायची. मग मी जाणंच टाळू लागले. एक दिवस. दोन दिवस. मग चार. पोटाला सवय झाली, असं मला वाटलं.

सुनीता जेवली की दहा मिनिटं आत बसायची. संडासाच्या भिंतीला लागून बाहेर मोरी होती, तिथं मी भांडी घासायची. सगळं ऐकू यायचं. कडी लागली. गाणं गुणगुणली. साखळी ओढली. पाणी सुटलं. बाहेर यायची ती हलकी होऊन, केसांत रिबीन बांधत. मला तिच्या रिबिनीचा हेवा नव्हता. थोडा होता. पण खरा जळफळाट व्हायचा तो त्या कडीवरून. आतून लागते. बाहेरून कुणी काढू शकत नाही. राखेनं भांडी घासता घासता मी मनात म्हणायची, देवी, हिचं पोट दुखू दे. एकदा तरी हिचं पोट दुखू दे.

दुखलं माझं.

डाव्या बाजूला खाली गोळा लागायचा. कळ यायची, मी वाकून बसायची, कळ जायची. जेवणावरची वासना उडाली. कधी झालंच तर चिरत जायचं, रक्त दिसायचं. त्या भीतीनं मी आणखी धरून ठेवायची. आणि मग सर्वांत वाईट झालं. मला कळायच्या आत परकराला पातळ डाग पडू लागले. मी सारखी धुवायची. वास जात नव्हता.

वर्गात सुनीता उठून उभी राहिली. "बाई, मी हिच्याजवळ नाही बसत. हिले वास येते."

सगळा वर्ग वळला. बाईंनी मला मागं दाराजवळ बसवलं. दोन महिने मी तिथं बसले.

मामीनं ठरवलं, पोरीला हगवण लागली. डाळिंबाच्या सालीचा काढा सुरू झाला. जेवायला नुसता भात. पाणी घोटभर. झोपायला पोतं, म्हणजे सतरंजी खराब व्हायला नको. मामी दुष्टपणानं नाही, औषध म्हणूनच देत होती. जितकं बांधलं तितकं पोट फुगलं.

एक दिवस नळावर मी हंड्यासकट खाली बसले, ती उठलेच नाही. मामा म्हणाला, दवाखान्यात ने. कॉलनीच्या दवाखान्यात कार्ड लागायचं आणि कार्डावर तीनच नावं होती. मामीनं वाटेत दटावलं, "नाव इचारलं तं सुनीता सांगजो."

सुनीता. महिनोन् महिने जिच्यावर जळले, तिचं नाव मला मिळालं. ते पोट धरून चालताना मिळालं.

सिस्टर पोक्त होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी माझं पोट दाबून पाहिलं. मामी म्हणाली, "हगवण लागली जी. दिवसातून चारदा कपडे भरवते."

"ही हगवण नाही. आत मळाचा खडा झालाय. त्याच्या बाजूनं पातळ झिरपतंय, ते हिला कळतही नाही. तुम्ही वरून आणखी बांधलंत."

मग माझ्याकडे वळून सावकाश सांगितलं. धरून ठेवलं की आतलं पाणी अंग शोषून घेतं, मळ वाळतो. वाळला की दुखतो. दुखतो म्हणून माणूस पुन्हा धरतो. मला वाटलं, ही बाई माझ्या मागोमाग भिंतीपलीकडं येत होती की काय.

"घरी संडास आहे ना, सुनीता?"

मामीनंच मान डोलावली.

"आहे ना? मग धरून का ठेवतेस?"

मामीची बोटं माझ्या खांद्यात रुतली. मी सुनीता असते तर या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. मी सुनीता असते तर हा प्रश्नच आला नसता. मला इतका राग आला की कळ विसरले.

"मी सुनीता नाही," मी म्हणाले. "संडास सुनीतासाठी हाय. मी तिच्या आत्याची पोरगी. मले भिंतीपलीकडं धाडतात. टाकी भरते म्हणून."

मामीचा हात माझ्या खांद्यावरून सुटला. सिस्टरनी कार्ड पाहिलं, मला पाहिलं, आणि कार्ड टेबलावर पालथं घातलं.

"अहो बाई, या कॉलनीत टाकी आहेच कुठं? पाईप आहे. तुमचं, माझं, मोठ्या साहेबांचं, सगळ्यांचं एकाच पायपातून जातं."

म्हणजे भरायला काही नव्हतंच. मी सडले ते कशासाठी?

एनिमा झाला. रडले. मग सिस्टरनी बजावलं. जेवल्यावर दहा मिनिटं बसायचं, कारण अन्न पोटात गेलं की आतडं आपणहून जागं होतं. पाय नीट टेकवून बसायचं, कुंथायचं नाही, लागली की रोखायची नाही. पाणी, पालेभाजी. बरं वाटलं म्हणून दिलेलं औषध सोडायचं नाही, ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात. मी प्रत्येक शब्द ध्यानात ठेवला. आणि तिथंही जळलेच. सुनीताला हे काहीच शिकावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी जेवले, हात धुतले, सरळ आत गेले आणि कडी लावली.

मामी दारावर थापा मारू लागली. "निघ बाहेर! काल मामाची नोकरी खायाले निघाली होती, आज घर खाते! उद्याच्या एसटीनं एकोडीले धाडीन!"

"धाड," मी आतून म्हणाले. "दहा मिनिटं झाल्याबिगर मी निघत नाही."

थोड्या वेळानं सुनीता आली. "खोल ना वं. मले घाई हाय."

"थांब."

"काहून थांबू? आमचा संडास हाय!"

दाराखालच्या फटीतून तिचे पाय दिसत होते. एकावरून दुसऱ्यावर, एकावरून दुसऱ्यावर. माझं झालं होतं. तरी बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ती थांबली होती आणि मला ते फार आवडलं. खोटं कशाला सांगू? मग सावकाश उठले, साखळी ओढली, सगळं पाणी वाहून जाईपर्यंत बघत राहिले.

मला कुणी पाठवलं नाही. पाठवलं असतं तर भांडी कोण घासणार होतं? हे मला त्या कडीमागं बसूनच कळलं. मॅट्रिक होईपर्यंत दुपारची दहा मिनिटं माझी राहिली. मामी धुसफुसत राहिली.

आता मी शिक्षिका आहे, लाखांदूरकडच्या एका गावात. रुजू झाले त्या आठवड्यात पाहिलं, मुलींच्या संडासाला कुलूप. हेडमास्तर म्हणाले, "पोरी घाण करतात जी. साहेब लोक आले का उघडतो." वर्गात तिसऱ्या रांगेत एक मुलगी डाव्या कुशीत हात दाबून वाकून बसली होती. ते बसणं मी ओळखते. जवळ जाऊन हळूच विचारलं, "किती दिवस?" तिनं चार बोटं दाखवली.

मधल्या सुट्टीत मी दगडानं कोयंडा उचकटला. कुलूप पिशवीत टाकून घरी आणलं.

हेडमास्तरांनी दोनदा मागितलं. मग लेखी मागितलं. तो कागद मी कुलपाखाली ठेवला आहे. आता डबा खाल्ला की पोरी आपल्या आपण आत जातात, आतून कडी लावतात, हसत बाहेर येतात. मला त्यांचाही हेवा वाटतो. वाटू दे. कुलूप मी परत देणार नाही.