पानं धुतली, छातीचं काय?

मंडळी, ऑफिसातलं इंटरनेट आज चालू आहे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तुम्हा सगळ्यांना हा ईमेल पाठवतोय.

आमच्या चिमीच्या छातीतला कफ काही केल्या सुटत नाही. ओव्याच्या पुरचुंडीने शेकून झालं, हळदीचं दूध झालं, वाफ झाली. तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. पोरगी झोपेतही घरघरते.

आज सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुळशीचा काढा द्या, आलं घालून. घसा मोकळा होईल." बाल्कनीत तुळस आहेच. बायकोने पानं खुडून वाटीत धुतली. पाणी काळं झालं. परत धुतली, परत काळं.

"अहो, कालच तर तुळशीवर पाणी मारलं होतं," ती मला म्हणाली.

आमच्या बाल्कनीतून पावणे गावाकडच्या कारखान्यांची धुराडी दिसतात. दादरची खोली विकून इथे आलो, ते मोकळ्या हवेसाठी.

काकू म्हणाल्या, "अगं, नीट धुऊन घे, काही होत नाही."

बायकोने वाटी बेसिनमध्ये उपडी केली. "पानं धुवेन हो काकू. हिची छाती कशी धुऊ?"

 

तुम्हाला काही सुचतंय का? काढा सोडून.