पुठ्ठ्याखालची ओळ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी मला येत नाही आणि आता या वयात शिकायचंही नाही. पण इंग्रजी वाचायला कसं शिकवावं ते मी जवळून पाहिलंय, कारण शिकवणारी माझी बायको होती. ती जाऊन दुसरा उन्हाळा लागला. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो.

मी धुळ्याच्या एका थेटरात मशीन चालवायचो. ती लग्नानंतर शिकली, बी.एड. झाली आणि देवपुरातल्या एका शाळेत इंग्रजीची बाई म्हणून लागली. गल्लीतले लोक म्हणायचे, "नवरा पिक्चर दाखवतो, बायको इंग्रजी बोलते, यांचं जमतं कसं?" जमायचं. त्यांना काय करायचंय?

शाळेतली पोरं इंग्रजी घोकायची. गाईडातलं उत्तर पाठ करायचं आणि पेपरात ओकायचं. अर्थ विचारला की माना खाली. छापलंय म्हणजे खरं, एवढंच त्यांना ठाऊक. हिला ते सहन व्हायचं नाही. एकदा जेवताना मी तिला थेटरातली गंमत सांगितली. रीळ तुटलं की आधी शिट्ट्या, मग भांडण. एक म्हणतो, "तो मुनीमच चोर शे." दुसरा म्हणतो, "तुले कसं माहीत?" मग पहिला पुरावे देत बसतो. पिक्चर चालू असताना सगळे नुसते बघतात. बंद पडला की डोकी चालतात.

तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, "माले वर्गमा रीळ तोडनं शे."

शाळेला कुणीतरी ओव्हरहेड प्रोजेक्टर भेट दिला होता. काचेवर पारदर्शक कागद ठेवायचा, खालून दिवा लागतो, भिंतीवर मोठी अक्षरं पडतात. बल्ब उडेल म्हणून तो कपाटात कुलूपबंद होता. हेडमास्तरांच्या मागे लागून हिने तो बाहेर काढून घेतला. मजकुरावर ती पुठ्ठा ठेवायची आणि एकच ओळ उघडी सोडायची. पुढे काय असेल? हे कोण म्हणतंय? का म्हणतंय? तुला पटतं का, आणि कशावरून? इंग्रजी मोडकंतोडकं चालेल, पण बोला.

पोरं बोलायला लागली, आणि मग अशी बोलायला लागली की शेजारच्या वर्गातले मास्तर तक्रार घेऊन गेले. पाठोपाठ पालक गेले. बाई प्रश्नोत्तरं लिहून देत नाहीत, भिंतीवर सिनेमा दाखवतात. नवरा तसलाच ना!

शेवटी संस्थेचे अध्यक्ष स्वतः एक तास बघणार असं ठरलं. त्यांना पटलं नाही तर मशीन परत कपाटात, आणि हिने गाईड धरून शिकवायचं. ती मला म्हणाली, "तसं शिकाडापेक्षा मी घर बसस." ती बोलली म्हणजे करणारी बाई होती.

मशीनचा पंखा मधूनच अडकायचा, म्हणून त्या दिवशी मी जवळ उभा होतो. अध्यक्ष आले, सोबत हेडमास्तर. खिडक्यांत पालकांची गर्दी. हिने पुस्तकातला उतारा लावला तर अध्यक्ष म्हणाले, "बाई, हा पाठ करून घेतला असेल. हे वाचू द्या." खिशातून त्यांनी शाळेचं माहितीपत्रक काढलं. गुळगुळीत कागद, सगळं इंग्रजीत. "मी स्वतः लिहिलंय," म्हणाले.

हिने त्यातल्या काही ओळी स्केचपेनने पारदर्शक कागदावर उतरवल्या, पत्रक त्यांना परत दिलं आणि वर पुठ्ठा ठेवला. मला शब्द कळत नव्हते, चेहरे कळत होते. कोण काय बोललं ते हिने घरी आल्यावर सगळं मला मराठीत सांगितलं.

पहिली ओळ होती, शाळेत मोठं ग्रंथालय आहे. पोरं भिंत सोडून साहेबांकडेच बघत बसली. हेडमास्तरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मला वाटलं, गेलं मशीन.

मग एक पोरगा उठला. "मोठं म्हणजे किती?" दुसरा बसल्या जागेवरून म्हणाला, "आहे, पण त्याला कुलूप आहे. ते इथे लिहिलेलं नाही." अध्यक्षांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हिने पुठ्ठा सरकवला. पुढची ओळ, पालकांनी विश्वासाने मुलं पाठवावीत.

पहिल्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. सरळ अध्यक्षांना विचारलं, "सर, हे कोणी वाचायचं?"

"तुमच्या पालकांनी."

"माझे वडील खिडकीत उभे आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही. मग हे कोणासाठी लिहिलं?"

अध्यक्षांनी हातातलं पत्रक डोळ्यांसमोर धरलं. पोरगी म्हणाली, "मला वाटतं, देणगी देणाऱ्यांसाठी."

"कशावरून?" हिने विचारलं, रोज विचारायची तसंच. साहेब समोर बसलेत म्हणून आवाजात काडीचा फरक नाही.

"सरांच्या हातात दिसतंय. पुढे आमचा फोटो आहे आणि मागे बँकेचा खाते नंबर."

अध्यक्षांनी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. खिडकीतून तिचा बाप ओरडला, "काय म्हनी ऱ्हायनी मनी पोर?"

शेजारच्याने सांगितलं, "साहेबले विचारी ऱ्हायनी, हाई कोनाकरता लिखं?"

"मंग बरोबर शे!" बाप म्हणाला. अख्खी खिडकी हसली. वर्ग हसला. शेवटी अध्यक्षही हसले, कान लाल झाले होते तरी. "बाई, हे हिला कधी शिकवलंत?"

"हे पत्रक मी आजच पाहिलं, साहेब. मी फक्त पुठ्ठा सरकवते."

ते उठले. हेडमास्तरांना म्हणाले, "कपाटाची चावी बाईंकडे द्या. ग्रंथालयाचीसुद्धा. आणि हे पत्रक मराठीत काढा. छापण्याआधी या पोरांना वाचायला द्या."

ती नाही हे मला अजून पटत नाही. सकाळी दोन कप मांडतो आणि एक उचलून ठेवतो. पण तो तास मी डोळ्यांनी पाहिलाय. तो माझ्यापासून कोणी नेऊ शकत नाही.

त्या दिवशी घंटा झाली, मोठी माणसं गेली. मी दिवा बंद करायला हात घातला तर हिने माझा हात धरला, पुठ्ठ्याखालच्या ओळी दाखवल्या. "ऱ्हाऊ द्या. आखो दोन ओयी बाकी शेतस."

एकही पोरगं जागचं उठलं नव्हतं.